घरची भाजी, घरच्या कुंडीतली: गच्ची, गॅलरी आणि परसबागेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा आमच्या घरचा नेम आहे. नांगराखालच्या जमिनीतलं धान्य त्या दिवशी नको, परसात हाताने लावलेलं तेवढं चालतं. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, मक्याचं कणीस, सगळं एका पातेल्यात शिजतं. पुण्याला आल्यावर बरीच वर्षं ही भाजी आम्ही मंडईतून वाटा आणून करत होतो. एका भाद्रपदात आई म्हणाली, "या भाजीला बैल लागला नाही हे तुला कोणी सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या जूनमध्ये गच्चीवर पहिल्या सहा कुंड्या ठेवल्या, त्याला आता बारा वर्षं होत आली.

तेव्हापासून जिन्यात, लग्नात, फोनवर लोक जे विचारत आले, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं पुण्याच्या हवेला धरून आहेत. कोकणात पाऊस जास्त आणि विदर्भात ऊन जास्त, तेवढा फरक तुम्ही करून घ्या.

सुरुवात कधी करावी?

वर्षात दोन मुहूर्त चांगले. पहिला मृगाचा, म्हणजे ७-८ जूनच्या पुढे. वेलभाज्या, भेंडी, गवार, अळू, मका यांना हाच काळ मानवतो. दुसरा दसऱ्यानंतरचा. मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत, मुळा, गाजर, टोमॅटो, घेवडा यांना थंडी लागते.

अगदी नवखे असाल तर मी दसऱ्यानंतरचा मुहूर्त सुचवेन. हवा कोरडी असते, कीड कमी असते, आणि मेथी २५ ते ३० दिवसांत हातात येते. पहिली जुडी लवकर मिळाली की माणूस टिकतो. मार्च-एप्रिलमध्ये मात्र सुरुवात करू नका. कोवळी रोपं उन्हाने जातात, आणि लोकांना वाटतं आपल्या हाताला गुण नाही.

आमच्याकडे फक्त गॅलरी आहे. भाजी येईल का?

आधी ऊन मोजा. सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सहा दर तासाला गॅलरीत डोकावून ऊन कुठे पडलंय ते कागदावर लिहा. फळभाज्यांना सहा तास थेट ऊन हवं. पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. त्याहून कमी असेल तर पुदिना, अळू, गवती चहा, ओव्याची पानं यांवर समाधान मानावं. तेही कमी नाही, पावसाळ्यात ओव्याच्या पानांची भजी घरच्या घरी होतात.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात सूर्य वर्षभर एकाच बाजूला नसतो. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला कललेला असतो, आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला चांगलाच खाली उतरतो. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळी भाजी उत्तम येते आणि पावसाळ्यात तीच गॅलरी सावलीत जाते. जूनमध्ये ऊन नाही म्हणून दक्षिणेची जागा बाद करू नका, डिसेंबरमध्ये पुन्हा मोजा.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी आपल्याकडे शेतीचा हिशेब सूर्यप्रकाशापासून मांडायला शिकवलं. पान म्हणजे ऊन साठवणारं यंत्र, हे एकदा मनात बसलं की कुठली कुंडी कुठे ठेवायची ते विचारावं लागत नाही.

गच्चीवर एवढं वजन चालेल का? गळती होणार नाही ना?

सोसायटीच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा एक फूट मातीने भरलात तर साडेचार-पाच टन वजन छपरावर चढलं. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये धरलेला भार चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो, म्हणजे चौरस फुटाला साधारण चौदा किलो आहे. वाफ्याचं वजन त्याच्या तिपटीहून जास्त होतं. म्हणून गच्चीवर मातीचे सलग वाफे करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. इमारतीच्या अभियंत्याने लेखी सांगितलं तरच करा.

कुंड्या आणि पिशव्या हलक्या मिश्रणाने भराव्यात आणि तुळई व खांबांच्या रेषेवर, कठड्याच्या कडेने ठेवाव्यात. मध्ये गर्दी नको. प्रत्येक कुंडी विटांवर किंवा स्टँडवर उचललेली हवी, म्हणजे खालून पाणी वाहतं, फरशी वाळते आणि झाडू फिरतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधीच गेलेलं असेल तर ते करून घ्या, मगच बाग. आमच्या खालच्या मजल्यावर दुसऱ्याच वर्षी ओल आली. ती कुंड्यांमुळे नव्हती, पाण्याची पन्हळ पालापाचोळ्याने तुंबली होती. पण पाचोळा माझा होता, तेव्हा जबाबदारीही माझीच. आता पावसाळ्यात दर रविवारी पन्हळीचं तोंड हाताने साफ करतो.

कुंड्या कोणत्या घ्याव्यात?

भोक असलेलं आणि मुळांना पुरेल इतकं खोल काहीही चालतं. पालेभाजीला सहा ते आठ इंच खोली पुरते. फळांचे प्लास्टिकचे क्रेट जुन्या शेडनेटचं अस्तर लावून वापरले तर मेथी-पालकासाठी त्यांच्यासारखं काही नाही. मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी यांना बारा इंच, वेलांना पंधरा ते अठरा इंच. पंधरा किलोचे तेलाचे डबे चालतात, तीन-चार वर्षांत गंजतात एवढंच. रंगाचे आणि रसायनांचे डबे मात्र कितीही धुतले तरी भाजीला नकोत.

माती कशी भरायची? नर्सरीतली तयार माती चालेल का?

इथे सावकाश वाचा. बाग फसते ती नव्वद टक्के मातीत, असं मला वाटतं.

माझ्या पहिल्या सहा कुंड्यांत मी जवळच्या बांधकामावरची काळी माती भरली होती. काळी माती सकस म्हणून ऐकलेलं. पहिल्या पावसात ती फुगली, कुंडीत डबकं झालं, मिरचीची रोपं कुजली. ऊन पडल्यावर तीच माती आकसून कडेने सुटली, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जाऊ लागलं. मुळापर्यंत थेंब नाही. काळी माती शेतात चार फूट खोल असते तेव्हा राणी असते. बारा इंचांच्या कुंडीत ती एकटी नको.

आता मी असं भरतो. एक घमेलं साधी पोयट्याची किंवा लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक घमेलं सुका पालापाचोळा किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात एक-दोन मुठी निंबोळी पेंड. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा उसाची वाळलेली चिपाडं तीन-चार बोटं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर प्लास्टिकच्या पिशव्यांत उसाची चिपाडं घालून भाजी आणि फळं काढून दाखवली, तेव्हापासून शहरी बागेत चिपाडांना मान आहे. रसवंतीवाले ती आनंदाने देतात. फक्त पंधरा दिवस उन्हात वाळवून घाला, ओली घातलीत तर मुंग्या येतात आणि कुजताना माती तापते.

मिश्रण झालं का हे ओळखायची खूण सोपी आहे. ओलसर माती मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे. फुटला नाही तर पाचोळा वाढवा. गोळाच होत नसेल तर माती आणि खत वाढवा.

नर्सरीतली तयार माती बऱ्याचदा नुसती लाल माती किंवा नुसता काथ्याचा भुसा असते. भुसा हलका असतो, पाणी धरतो, पण त्यात झाडाला खायला फारसं काही नाही. कच्चं शेण कधी घालू नका. त्यातून हुमणी येते, म्हणजे ती पांढरी वळलेली जाड अळी, आणि ती मुळं खाते.

पहिल्या वर्षी नेमकं काय लावावं?

जूनमध्ये सुरू करत असाल तर ऋषीच्या भाजीचं ध्येय ठेवा. ऋषीपंचमी गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्याच्या थोडं पुढेपर्यंत कधीतरी येते. मृगापासून मोजले तर हातात ऐंशी ते शंभर दिवस असतात, आणि यातल्या बहुतेक भाज्यांना तेवढेच लागतात. आपल्या आज्यांनी ही यादी पावसाळ्याच्या गणितावर बसवली असणार, असं मला दरवर्षी नव्याने वाटतं.

भोपळा सर्वांत आधी लावा, त्याला तीन-साडेतीन महिने लागतात. मेच्या शेवटी सावलीत पिशवीत रोप करून ठेवलंत तर गाठ पडते. अळूचे कंद जूनच्या पहिल्या सरीला. वडीसाठी काळ्या देठाचं आणि भाजीसाठी हिरव्या देठाचं, दोन्ही एकेक कंद शेजाऱ्याकडून मागून आणा. शोभेच्या अळूची रंगीत पानं नर्सरीत दिसतात ती खायची नसतात. मका जूनच्या मध्यात, एका जागी आठ-दहा झाडं जवळजवळ, कारण त्याचं परागीकरण वाऱ्यावर चालतं आणि एकटंदुकटं झाड असलं की कणसाला दाणे विरळ भरतात. दोडका आणि पडवळही जूनच्या मध्यात. भेंडी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ती ४५ ते ५० दिवसांत सुरू होते. लाल माठ सगळ्यांत शेवटी, सणाच्या महिनाभर आधी. सुरण या हिशेबात बसत नाही, त्याला आठ महिने हवेत. तो विकत आणा.

पडवळाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण शहरातल्या मुलांनी ते वेलावर पाहिलेलंच नसतं. फूल संध्याकाळी उमलतं, पांढरं, कडेला सुताची झालर असावी तसं. फळ धरलं की बोटभर असतानाच वाकडं व्हायला लागतं. मग त्याच्या टोकाला सुतळीने लिंबाएवढा दगड बांधायचा. रोज पाहिलं तर वाढ डोळ्यांनी कळते. आमच्या मांडवावर मी कठड्याला खडूने खूण करतो, आणि दुसऱ्या सकाळी पडवळ खुणेच्या खाली गेलेलं असतं.

ब्रोकोली, झुकिनी, रंगीत ढोबळी मिरची यांना पहिल्या वर्षी हात लावू नये असं मी म्हणेन. त्यांना जपणूक फार लागते आणि चूक कुठे झाली ते नवख्याला कळत नाही.

बी कुठून आणायचं? देशी की संकरित?

मेथी, धने, मोहरी, चवळी, राजगिरा यांचं बी तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. बाकीचं कृषी सेवा केंद्रातून किंवा कृषी विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रातून घ्यावं, आणि पाकिटावरची तारीख पाहावी.

संकरित बी पहिल्या वर्षी भरघोस देतं, पण त्याच फळातलं बी ठेवून पुढच्या वर्षी लावलं तर झाडं आईसारखी येत नाहीत. सुधारित वाणांचं तसं नाही. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका ही भेंडी, पुसा ज्वाला ही मिरची, यांचं बी नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं चालतं. गावरान बी तर चालतंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान बियाणी घरोघरून गोळा केली, लावली, वाटली. त्यांना लोक बीजमाता म्हणतात, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरच्या बागेसाठी मी गावरानाच्या बाजूचा आहे. उत्पन्न थोडं कमी, पण वेल दिवाळीपर्यंत देत राहतो, आणि घराला तेच हवं असतं. एका दिवशी वीस दोडके आले तर करायचं काय?

बी पेरलं, उगवलंच नाही. काय चुकलं?

बहुधा खोल गेलं. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर पुरे. माठाचं बी तर राईहून बारीक, ते कोरड्या वाळूत किंवा राखेत मिसळून फोकायचं आणि वरून चिमूटभर माती भुरभुरायची. धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकळ्या करा आणि रात्रभर भिजवा, अख्खे टाकले तर उगवण उशिरा आणि तुरळक होते. मेथी तीन दिवसांत दिसते, कोथिंबीर आठ ते बारा दिवस घेते, मिरचीलाही तितकेच. पाचव्या दिवशी उकरून पाहू नका.

दुसरं कारण पक्षी. कबुतरं आणि चिमण्या कोवळे कोंब टिपतात. पहिले पंधरा दिवस वर जुनी मच्छरदाणी ताणून ठेवा.

टोमॅटो, वांगी, मिरची यांची आधी रोपं करायची, मग मोठ्या कुंडीत लावायची. टोमॅटो-वांग्याचं रोप २५-३० दिवसांचं, मिरचीचं ३५-४० दिवसांचं. लावणी संध्याकाळी करा, म्हणजे रोपाला रात्र मिळते.

पाणी किती आणि कधी?

तारखा पाळू नका, बोट घालून बघा. दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तर पाणी द्या, ओली लागली तर राहू द्या. थंडीत एक दिवसाआड पुरतं, मे महिन्यात गच्चीवर सकाळ-संध्याकाळ दोनदा. पानं दुपारी मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर मातीत ओल आहे.

कधी भरपूर, कधी दोन दिवस नाही, असं केलं की टोमॅटोचं बूड काळं पडतं. लोक त्याला रोग समजून फवारण्या करतात. कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही म्हणून ते होतं, आणि कुंडीत त्याचं नेहमीचं कारण अनियमित पाणी.

मातीवर सुक्या पानांचं दोन बोटं आच्छादन ठेवा. पाणी जवळजवळ निम्मं लागतं, हा माझा अनुभव.

खत घरी कसं करायचं? वास येतो, अळ्या होतात.

वास येतो म्हणजे ओलं जास्त आणि सुकं कमी झालं. भाजीची देठं-सालं एक भाग तर सुका पाला निदान दोन भाग, हे प्रमाण सोडू नका. डब्याला सगळीकडून भोकं, तळाशी पाचोळा, रोजचा ओला कचरा बारीक करून, वर पुन्हा मूठभर पाचोळा, आठवड्यातून एकदा खाली-वर. थोडं आंबट ताक शिंपडलं तर कुजण्याला वेग येतो. दोन ते तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत होतं. काळपट चपट्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या कचरा फस्त करतात, झाडाला काही करत नाहीत. शिजलेलं तेलकट अन्न, मासे-मटण घालू नका, घुशी येतात.

वाढत्या झाडाला दर पंधरा दिवसांनी जीवामृत देतो. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ते शेतकऱ्यांत रुजवलं. त्यांचं एकराचं माप मी विसाव्या हिश्शावर आणलं आहे: १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची चिमूटभर माती. बादलीवर गोणपाट टाकून सावलीत ठेवा, रोज सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. दोन-तीन दिवसांत तयार, आठवड्याच्या आत संपवा. दहापट पाण्यात मिसळून बुंध्याशी द्या. गच्चीवर शेण कुठून, असं विचारतात. पुण्यात अजूनही गोठे आहेत, दूध घालणाऱ्या भैयांना विचारा.

वेलाला फुलं भरपूर येतात, पण दोडका धरत नाही. का?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न.

दोडका, दुधी, पडवळ, कारलं, काकडी, भोपळा यांच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. सुरुवातीचे दोन आठवडे बहुधा नरच येतात, ती गळतात, आणि लोक घाबरतात. मादी फूल ओळखायचं ते त्याच्या मागे पाहून. पाकळ्यांच्या पाठीशी इवलासा दोडका असतो, करंगळीच्या नखाएवढा, शिरांसकट. नर फुलाच्या मागे नुसता देठ.

आता मुख्य गोष्ट. चौथ्या-पाचव्या मजल्यावर मधमाश्या कमी येतात, आणि दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी. दुधी आणि पडवळही संध्याकाळचे. म्हणून सकाळी उठून पाहणाऱ्याला नेहमी मिटलेली फुलंच दिसतात. साडेसहा-सातला गच्चीवर जा. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, मधला पिवळा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने टेकवून फिरवा. एका नर फुलात दोन-तीन माद्या होतात. काकडी, कारलं, घोसाळं आणि लाल भोपळा मात्र सकाळी लवकर उमलतात, त्यांचं काम आठच्या आत करायचं.

जमलं का हे तीन दिवसांत कळतं. फळ हिरवंगार राहून जाडावलं तर धरलं. पिवळं पडून सुरकुतलं तर नाही. आई पंच्याहत्तरीत होती तेव्हा हे काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. देवाला दिवा लावून झाला की ती गच्चीवर यायची, आणि किती दोडक्यांची लग्नं लावली ते खाली येऊन सांगायची.

कीड पडली की काय फवारायचं?

फवारण्याआधी पान उलटं करून पाहा. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे ठिपके दाटलेले, चिकट, मुंग्या ये-जा करताहेत, तर मावा. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर पिठ्या ढेकूण. हलवल्यावर पांढरा भुगा उडाला तर पांढरी माशी. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मा जातो. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा.

उरलेल्याला निंबोळी अर्क. जून-जुलैत कडुनिंबाखाली पिकल्या निंबोळ्या पडतात, त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून वर्षभर ठेवता येतात. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून त्यात अंगाच्या साबणाचं थोडं पाणी, आणि फवारणी उन्हं उतरल्यावर. दर आठ दिवसांनी, तीनदा. पानाच्या खालून फवारा, किडी खालीच असतात.

कारली-काकडीत अळ्या निघतात ती फळमाशी. फळ बोटाएवढं असतानाच कागदाची पिशवी घाला. क्यू-ल्यूरचा कामगंध सापळा, म्हणजे नर माश्यांना वासाने ओढून अडकवणारा, कृषी सेवा केंद्रात मिळतो, तो वेलवर्गीय भाज्यांसाठीचा मागा.

कडेने झेंडू लावा. त्याच्या मुळांमुळे मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक जंत, कमी होतात, मधमाश्या येतात, आणि दसऱ्याला तोरण घरचं होतं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर त्या झाडावर काही फवारू नका. तो आणि त्याची पिल्लं मावा खातात.

भेंडीची पानं पिवळी पडली, शिरा तर हळदीसारख्या. खत कमी पडलं का?

नाही. हा विषाणूचा रोग आहे, लोक त्याला हळद्या किंवा केवडा म्हणतात, आणि तो पांढरी माशी पसरवते. औषध नाही. ते झाड उपटा, बाकीच्यांवर निंबोळी अर्क मारा. पुढच्या वेळी या रोगाला दाद न देणाऱ्या वाणाचं बी आणा, परभणी क्रांती त्याचसाठी काढलेला वाण. मिरचीचा शेंडा आक्रसून पानं वळली, ज्याला बोकड्या म्हणतात, तिथेही लवकर उपटणं शहाणपणाचं. मन होत नाही हे खरं, पण एका झाडापायी दहा जातात.

कुंड्यांखाली ताटल्या ठेवू का?

पावसाळ्यात नको. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस पुरतात. ठेवायच्याच असतील तर आठवड्यातून एकदा ओतून, घासून, पालथ्या करून वाळवा. पिंप झाकलेलं हवं.

दुधी कडू लागला. मसाला घालून खपवू का?

टाकून द्या. हे अगदी गंभीरपणे सांगतो. दुधी, काकडी, दोडका, घोसाळं यांतला कडूपणा विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. चिरण्याआधी टोकाचा तुकडा जिभेला लावून पाहा आणि कडू लागला तर थुंका. त्या वेलाचं बीही ठेवू नका. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याची भीती नाही.

उन्हाळ्यात सगळं जळतं. बाग बंद ठेवावी का?

अर्धी ठेवावी. टोमॅटोची फुलं पस्तीस अंशांच्या वर गळायला लागतात, त्याच्याशी झगडू नका. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा, खाली माठ, चवळई, अंबाडी, मायाळू आणि पुदिना चालू राहतो. गवार आणि भेंडी ऊन सोसतात. रिकाम्या कुंड्यांतली माती प्लास्टिकवर पसरून तीन-चार दिवस कडक उन्हात तापवा, मग शेणखत मिसळून झाकून ठेवा.

आठ दिवस गावाला जायचंय.

कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, भरपूर पाणी, जाड आच्छादन. मोठ्या बादलीतून जाड सुती दोरी कुंडीच्या मातीत बोटभर खोल खोचली तर दोरीतून ओल येत राहते. निघण्याआधी दोन दिवस करून बघा. शेजाऱ्यांना किल्ली दिलीत तर आधी भेंड्या आणि मिरच्या तोडून न्यायला सांगा. तोडणी थांबली की झाड फळायचं थांबतं.

यात पैसे वाचतात का?

पहिल्या वर्षी नाही. कुंड्या, माती, शेडनेट यांचा खर्च भाजीतून निघत नाही. तिसऱ्या वर्षापासून माझा खर्च फक्त पेंड आणि थोडं बी एवढाच राहिला. चार माणसांची सगळी भाजी सहा कुंड्यांतून निघेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोथिंबीर, कढीपत्ता, मिरची, पुदिना, आलं, ओवा, गवती चहा हे मात्र विकत आणणं खरंच थांबतं. श्रावणात पावसाने कोथिंबीर महागते आणि सडकी मिळते तेव्हा खिडकीतली मूठभर पानं सोन्यासारखी वाटतात. वेळ रोजचा वीस मिनिटं आणि रविवारचा तास.

ऋषीपंचमी झाली. आता वेलांचं काय करू?

दोडका, भेंडी दिवाळीपर्यंत देतात, देऊ द्या. थकलेले वेल बुंध्याशी कापा, मुळं मातीतच कुजू द्या, वरचा पाला खताच्या डब्यात. रोगट असेल तर मात्र घराबाहेर. मोकळ्या कुंडीत मूठभर कंपोस्ट घालून आठवडाभर विसावा द्या, आणि मग भोगीच्या भाजीची तयारी. वालपापडी आणि वांगी ऑक्टोबरच्या आतबाहेर, गाजर ऑक्टोबरच्या शेवटी, चाकवत आणि मेथी नोव्हेंबरच्या शेवटी, म्हणजे मकर संक्रांतीच्या आदल्या दिवशी सगळं एकदम हाताशी येतं.

आणि पडवळाचं एक चांगलं, सरळ, वेलाच्या मधल्या भागातलं फळ तोडू नका. त्याला लाल दोरा बांधा, घरात सगळ्यांना सांगून ठेवा. ते नारिंगी होऊन मऊ पडेपर्यंत वेलावरच राहू द्या. मग बिया धुऊन, सावलीत आठ दिवस वाळवून, चाळलेल्या राखेत मिसळून काचेच्या बाटलीत भरा, आणि बाटलीवर वाण आणि वर्ष लिहा. आमच्या फडताळातल्या बाटलीवर अजून आईचं अक्षर आहे. बिया दरवर्षी नव्या भरतो, चिठ्ठी तीच.